शेवटच्या पट्टीवरची खूण

१. शिंगं एकीकडे, सड दुसरीकडे

दौंडच्या डेअरीत त्या सकाळी दूध उत्तम होतं, वीज होती, माणसं वेळेवर आली होती. बिघडली होती ती फक्त गाय, पिशवीवर छापलेली. एका पिशवीवर तिची शिंगं आणि पाठ, तर पुढच्या पिशवीवर नुसते चार पाय आणि सड. ट्रेमध्ये अशा अर्ध्या अर्ध्या गायींचा खच पडला होता, आणि पॅकिंग मशीन चालवणारा विश्वजीत कमरेवर हात ठेवून त्या खचाकडे बघत होता.

"मॅडम, आता गिऱ्हाइकालाच विचारावं लागंल," तो म्हणाला. "शिंगाची पिशवी देऊ का सडाची?"

अनुपमाला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. डेअरीत गुणवत्ता तपासायचं काम तिच्याकडे. शिक्षण इंजिनिअरिंगचं, पण वाढली ती कीर्तनात. वडील केडगावचे कीर्तनकार. परकर सावरत ती त्यांच्या मागे टाळ घेऊन उभी राहायची. काही बिनसलं की आधी कान द्यायचा आणि मग तोंड उघडायचं, हे तिला कॉलेजनं नाही, त्या टाळानं शिकवलं होतं.

तिनं मशीन थांबवलं आणि फिल्मचा रोल खाली उतरवून घेतला. दुधाच्या पिशवीची फिल्म म्हणजे एक लांबच लांब छापील पट्टी. तिच्या कडेला दर पिशवीमागे एक छोटीशी काळी खूण छापलेली असते. मशीनला एक उजेडाचा डोळा असतो. तो ती खूण बघतो आणि सांगतो, आता काप. खूण दिसली नाही तर डोळा आंधळा, आणि आंधळ्या डोळ्याच्या भरवशावर पातं पडलं की गायीचे दोन तुकडे.

अनुपमानं पट्टीची कड बोटावर घेतली. खूण जवळजवळ नव्हतीच. कड कापतानाच ती कापली गेली होती. काळ्या दोऱ्यासारखी एक रेघ तेवढी उरली होती. म्हणजे दोष इथला नव्हता. शिरूरजवळच्या ज्या कारखान्यात मोठ्या रोलातून या पट्ट्या कापून येत, तिथला होता. तिनं पट्टी रुंदीला मोजली. रुंदी चोख. पुन्हा मोजली, तरी चोख.

रोलावरचा स्टिकर विश्वजीतनं वाचला. "सहावी पट्टी. दिवसपाळी. नीलम. परत तीच पोरगी, मॅडम. मागच्या दोन वेळंलाबी तीच."

डेअरीचे चेअरमन हौसराव आबा तोवर आत आले होते. त्यांनी अर्धी गाय हातात घेऊन उलटीसुलटी केली.

"चूक झाली असती तर माप चुकलं असतं," आबा सावकाश म्हणाले. "माप बरोबर आन् नेमकी खूणच गायब? ही चूक न्हाई, अनुपमाताई. हे कुणीतरी ठरवून केलंय. म्या पोलिसात जाणार. तुम्ही शिरूरला जाऊन या. उद्याच्या बैठकीला मला नाव पायजे. तवर तक्रारीत त्या पोरीचं लिवून ठेवतो."

२. ज्याचा त्याचा शाफ्ट

चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्यानं डेअरीची पिकअप निघाली. दोन्ही बाजूंना ऊस, मधे भीमेचा पूल, आणि अनुपमाच्या डोक्यात एकच प्रश्न घोळत होता. माप बरोबर आणि जागा चूक, हे होतं कसं?

कारखान्याचा मालक सत्यजीत दारातच उभा होता. वडिलांनी उभा केलेला धंदा तो आता बघायचा. डेअरीची ऑर्डर गेली तर कारखान्याचा निम्मा श्वास जाईल, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"या मॅडम. मशीन बघा, माणसं बघा, काहीच लपवत नाही."

मशीन देखणं होतं. एका टोकाला जम्बो रोल, त्यावर गायींच्या सहा रांगा शेजारी शेजारी छापलेल्या. मधे एक आडवा पोलादी दांडा, त्याला शाफ्ट म्हणतात. शाफ्टवर गोल धारदार पाती. दोन पात्यांमध्ये अंतर राहावं म्हणून काळ्या पोलादी रिंगा, एकीला एक चिकटून ओवलेल्या, आणि शेवटी सगळ्यांना आवळून धरणारा नट. फिल्म पात्यांवरून सरकत जाते, सहा पट्ट्या होतात आणि पलीकडं सहा रोल गुंडाळले जातात.

"अंतर ठरवतात त्या रिंगा," सत्यजीत म्हणाला. "पहिली तक्रार आल्यावर मीच सगळा शाफ्ट सोडायला लावला. एकेक रिंग फडक्यानं पुसली, मायक्रोमीटरमध्ये धरून मोजली. एकही चुकीची नाही. मग परत जोडून घेतला, तरी पुढच्या आठवड्यात तेच."

रात्रपाळीचा संपत आज दिवसाला आला होता. उंच, दाढी राखलेला, बोलण्यात मिठास कमी.

"माझ्या पाळीचा एक रोल दाखवा परत आलेला," तो म्हणाला. "मशीन एकच हाय. फिल्म एकच हाय."

"आणि शाफ्ट?"

"शाफ्ट ज्याचा त्याचा. पूर्वी एकच होता, तवा रोज भांडणं. तुझ्यामुळं माझी धार गेली, तू नट ढिला ठेवला. मग मोठ्या साहेबांनीच दोन करून दिले. तिचा ती वापरती, माझा मी. दुसऱ्याच्या शाफ्टला हात लावायचा न्हाई, असा नेमच हाय."

नीलम कोपऱ्यात पॅकिंगच्या टेबलाशी उभी होती. चोविशीची असेल. या मशीनवर बसलेली पहिलीच मुलगी, असं सत्यजीत कौतुकानं सांगायचा. आता तो तिच्याकडे बघतही नव्हता. अनुपमा जवळ गेली, तसा नीलमनं डावा हात ओढणीखाली घेतला. तर्जनीला पट्टी होती.

"कशानं कापलं?"

"घरी. विळीवर."

संपत मागून हळूच म्हणाला, "बोट कापलं तवापासनंच हे सुरू झालंय, मॅडम. तिला नोकरीत कायम करायचं साहेबांनी लांबणीवर टाकलं, त्याचा राग बी हाय. मी आपलं सांगतो, नाव कुणाचं घेत न्हाई."

"घेतलंस की," नीलम म्हणाली. "आता उगी लाजू नको."

तिच्या बाजूच्या बाकावर उद्याचा शाफ्ट बांधून ठेवलेला होता. अनुपमा त्यावर वाकली. तेलाचा वास, गरम प्लॅस्टिकचा वास, आणि त्यात मिसळलेला एक तिसरा वास, जो कारखान्यात असायचं काही कारण नव्हतं. ओळखीचा. कुठला, ते मात्र तिला आठवेना.

३. सहा रोल, सहा कडा

"मला एका जम्बोतून निघालेले सहाच्या सहा रोल हवेत," अनुपमा म्हणाली. "नीलमच्या पाळीतले. आणि सहा संपतच्या."

आजवर सगळ्यांनी बिघडलेला रोलच बघितला होता. चांगल्याकडे कोण बघतो? पॅकिंगच्या बिहारी पोऱ्यानं रोल ओळीनं मांडले आणि वर खात्री दिली, "सब बराबर है मैडम, चौड़ाई मैंने खुद नापी है।"

रुंदी बरोबरच होती. अनुपमा रुंदी बघतच नव्हती. ती खूण बघत होती. नीलमच्या पहिल्या पट्टीवर काळी खूण आणि कड यांच्यात मोकळी पांढरी जागा होती, जशी हवी तशी. दुसरीवर ती जागा जरा आकसलेली. तिसरीवर आणखी. चौथीवर खूण कडेला टेकलेली. पाचवीवर खुणेचा लचका तुटलेला. सहावीवर नुसता दोरा. संपतच्या सहाही पट्ट्यांवर खूण जागच्या जागी.

ती खाली बसून राहिली. सत्यजीतला वाटलं बाई दमली. ती दमली नव्हती, तिला गंमत वाटायला लागली होती.

"फिल्म जास्त ताणली म्हणून असं होतं का?" तिनं विचारलं.

"ताण दोन्ही पाळ्यांना तोच ठेवलाय. आणि ताणली तर संपतचीही बिघडेल."

"जम्बो एका अंगाला सरकत असेल?"

"मग सगळ्या पट्ट्या सारख्याच सरकतील."

"आणि छपाईच तिरकी असेल तर?"

"तर माझ्याबी पट्ट्या चुकल्या असत्या," संपतनं नाइलाजानं सांगितलं.

म्हणजे चूक मोठी नव्हती. चूक अगदी बारीक होती, आणि ती प्रत्येक पात्यापाशी थोडी थोडी साठत जात होती. दुसरीला केसभर, तिसरीला दोन केस. एकेकट्या पट्टीची रुंदी मोजली तर केसभर फरक कोणाला दिसणार? पण शेवटच्या पट्टीपर्यंत केसांची वेणी झालेली. नीलमच्या शाफ्टवर पाती हवीत त्यापेक्षा किंचित लांब लांब बसली होती.

"पण रिंगा बरोबर आहेत," सत्यजीत म्हणाला. "मी स्वतः मोजल्यात."

"तिथंच तर अडतंय."

यंत्र तेच, फिल्म तीच, रिंगा बरोबर. मग उरलं काय? माणूस. अनुपमाला ते आवडलं नाही, पण तिच्याच तर्कानं तिला तिथं आणून सोडलं होतं. तिनं पॅकिंगच्या टेबलाकडे बघितलं.

टेबलापाशी कोणी नव्हतं. नीलम निघून गेली होती.

४. मोडलेली विळी

तळेगाव ढमढेऱ्याच्या बाहेर, ओढ्यापलीकडच्या वस्तीवर नीलमचं घर. आजोबांच्या काळापर्यंत मेंढरामागं फिरणारी माणसं. आता चार वाफे कांदा, दोन शेळ्या, आणि पोरीचा कारखान्यातला पगार. अनुपमा पोचली तेव्हा ऊन कललं होतं. आई तानुबाईनं तिला पाणी दिलं, घोंगडी अंथरली, आणि मग कमरेला पदर खोचून समोर बसली, म्हणजे आता विचारा काय ते.

"पळून न्हाई आले," नीलम म्हणाली. "साहेबांनीच घरी जा म्हनलं. उद्या तुमचे आबा पोलिसात जाणार म्हंजी आज मी चोर. कायमचं तर ऱ्हायलंच, आता दुसऱ्या कारखान्याचं दार बी बंद. गावात तर काय, पोरीला मशीनवर कशाला धाडली म्हणणारे टपलेलेच हायेत."

"तू मुद्दाम केलंस का?"

"न्हाई."

"मग मला खरं सांग. बोट कुठं कापलं?"

"सांगितलं की. विळीवर."

तानुबाईनं मान वळवली. "कुठली विळी गं? आपली तर मोडून पडलीय कवाची. मी चाकूनं चिरते."

बाहेर शेळी ओरडली. तानुबाई उठून गेली, आणि लेकीकडं न बघता म्हणाली, "शेळीला कळतं खोटं. माणसाला वेळ लागतो."

मग नीलमनं सांगितलं. बोट कारखान्यातच कापलं होतं, शाफ्टवर पाती ओवताना. सत्यजीतसाहेबांनीच गाडीतून दवाखान्यात नेलं, खर्च केला, सगळं नीट केलं. फक्त म्हणाले, पाहणीला बाहेरची माणसं येणार आहेत, तेव्हा कोणी विचारलं तर घरी कापलं म्हण.

"आणि त्यानंतर तू शाफ्ट बांधलास कसा? बोटाला तर पट्टी."

"मी कुठं बांधला? ज्ञानूमामा बांधून देत्यात. तवापासनं मला रिंगेला हातच लावू देत न्हाईत. बांधलेला शाफ्ट मी नुसता मशीनवर चढवते."

"ज्ञानूमामा कोण?"

"माझ्याआधी मशीन त्यांच्याकडं होतं. डोळ्यात मोती आला म्हणून साहेबांनी गोडाऊनला बसवलं. मला त्यांनीच शिकवलं." अनुपमाच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते तिनं वाचलं. "ताई, तसं मनात आणू नका. तो माणूस देवमाणूस हाय."

ज्याच्याकडून मशीन काढून घेतलं, तोच आता तिचा शाफ्ट बांधत होता. अनुपमानं तसं मनात आणलं, कारण आणणं भाग होतं.

"कुठं भेटतील आत्ता?"

"सप्ता चाललाय मारुतीच्या देवळात. मृदंगाला तेच असत्यात."

५. बोटाला लागलेलं काळं

खरं तर चौकशीच करायची होती, पण देवळापाशी पोचल्यावर अनुपमाचे पाय आपोआप चपला काढून मोकळे झाले. मांडवात पेट्रोमॅक्सच्या जागी आता पांढरे दिवे होते, बाकी सगळं तेच. बायकांच्या अंगावरचे पदर, पोरांची पेंगुळली डोकी, टाळकऱ्यांची दुहेरी रांग, आणि मधोमध फेटा बांधलेले बुवा. कीर्तन अजून रंगायचं होतं. सूर जुळत होते. सूर जुळताना ऐकणं हे तिला कीर्तनाइतकंच आवडायचं. जे अजून व्हायचं आहे, त्याची सगळी गोडी त्या किणकिणाटात असते.

ज्ञानूमामा मृदंग मांडीवर घेऊन बसले होते. पांढरी टोपी, पांढऱ्या मिशा, जाड भिंगाचा चष्मा. अनुपमा त्यांच्यापासून हातभर अंतरावर बायकांत बसली.

बुवांनी नामघोष सुरू केला. टाळ उचलले गेले. एक नवखा टाळकरी दर ठोक्याला किंचित मागं पडत होता. सुरुवातीला ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही. पण घोष वाढत गेला, आणि शेवटाकडे पोचेतो सगळ्यांचे टाळ मिटलेले आणि याचा एकट्याचा वाजतोय. मांडव हसला. बुवाही हसले.

"माउली," बुवा म्हणाले, "चूक मोठी न्हाई तुमची. पिंपळपानाच्या जाडीएवढीच हाय. पण ती दर ठोक्याला करताय. देव एवढीशी चूक माफ करतो, पण बेरीज आपल्यालाच भरावी लागती."

लोक पुन्हा हसले. अनुपमा हसली नाही. तिचे रोल, तिच्या सहा कडा, सगळं त्या ठोक्यात वाजलं होतं. दर ठोक्याला एवढंसं. पण एवढंसं म्हणजे काय? रिंग तर बरोबर आहे. मग रिंग आणि रिंग यांच्यामध्ये काय आहे?

मृदंगाची पाळी आली. ज्ञानूमामांनी कनवटीची पितळी डबी काढली. चिमूटभर बुक्का घेतला, आधी मृदंगाच्या एका पुडीला टेकवला, मग दुसरीला, ओठ हलले, आणि मगच हात चालला. नंतर त्यांनी तीच डबी शेजाऱ्यापुढं धरली, शेजाऱ्यानं पुढल्याला, आणि रांगेतून फिरत बुक्का अनुपमापर्यंत आला. तिच्या कपाळाला एका आजीनं बोट टेकवलं.

तो वास. कापूर, चंदन, आणि काहीतरी रानातलं. काळाभोर, सुगंधी, आणि काळ्या पोलादावर लावला तर कोणालाच न दिसणारा.

तिनं मान वर केली तेव्हा ज्ञानूमामा तिच्याकडेच बघत होते. निर्मळ हसत होते.

६. पुसल्यावर चूकही पुसली जाते

सकाळी अनुपमानं सगळ्यांना बाकापाशी उभं केलं. सत्यजीत, संपत, ज्ञानूमामा. नीलमलाही तिनं सोबत आणलं होतं. आबांचा फोन दोनदा येऊन गेला होता.

"दोन्ही शाफ्ट शेजारी शेजारी ठेवा," ती म्हणाली. "संपतचा आणि नीलमचा. सुरुवातीची टोकं एकमेकांना जुळवून. रिंगा सोडू नका. पुसू नका. एकेक मोजायची नाही, सगळी माळ मोजायची."

सत्यजीतनं गुण्या आणला, सुताराकडे असतो तसा, पण पोलादी. दोन शाफ्टवर तो आडवा टेकवून अनुपमा एकेका पात्यापाशी थांबत गेली. पहिलं पातं पात्याला जुळलं. दुसऱ्यापाशी बारीक फट. तिसऱ्यापाशी नख जाईल एवढी. शेवटच्या पात्याशी संपतनं खिशातलं रुपयाचं नाणं काढलं आणि फटीत सरकवून बघितलं. नाणं बसलं.

"आता रिंगा काढा."

नट सुटला. पहिली रिंग अलग होताना चिकट आवाज आला. अनुपमानं आपला पांढरा रुमाल त्या जोडावर फिरवून सगळ्यांपुढं धरला. रुमालावर काळा पट्टा उमटला, आणि बाकावर देवळाचा वास पसरला.

"रिंगा पहिल्यापासून बरोबरच होत्या, सत्यजीतराव. तुम्ही त्या पुसल्या, मोजल्या आणि बरोबर म्हणालात. पुसताना चूकही पुसली गेली. मग तुम्ही शाफ्ट जोडायला परत दिला, आणि ती परत आत गेली. बुक्का तेलात कालवला की घट्ट बसतो, कागदापेक्षाही पातळ. पण एका पट्टीला तीन-चार रिंगा, आणि अशा सहा पट्ट्या. तेवढे जोड, तेवढे थर."

सगळे ज्ञानूमामांकडे बघत होते. म्हाताऱ्याचा चेहरा गोंधळला होता. चोरी पकडल्यासारखा नव्हता, हिशोब न लागल्यासारखा होता.

"म्या लावला," ते म्हणाले. "दर रिंगेला. एक नाव घ्यायचं, एक बोट लावायचं, रिंग सरकवायची. माळंचे मणी वढल्यासारखं. पोरीचं बोट कापलं त्या दिवशी रक्त थांबंना. मला वाटलं, माझ्या शिकवण्यातच काय ऱ्हायलं. म्हनलं देवा, आता तू संग ऱ्हा हिच्या पात्यापाशी." त्यांनी चष्मा काढला. "एवढ्याशानं रोल बिघडत्यात व्हय?"

"बिघडत्यात, मामा," संपत म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच मऊ होता. मग तो नीलमकडं वळला. "मी रागाची गोष्ट बोलाय नको होती."

"बोललास," नीलम म्हणाली. "चहा पाजशील मग."

ज्ञानूमामांनी हात जोडले, कोणाला ते त्यांनाच कळत नसावं. "साहेब, मला काढा. पण पोरीला घ्या परत. हिच्या नावावर माझं पाप नको."

"पाप कसलं?" अनुपमा म्हणाली. एवढं बोलून ती बाजूला सरकली, कारण इथून पुढं तिचं काम संपत होतं. दोष कुठं शिरला ते तिनं शोधलं होतं. सत्यजीतच्या खांद्यावरून मोठं ओझं उतरलेलं दिसत होतं.

"चला," तो म्हणाला. "आजपासून बुक्का बंद, रिंगा धुऊन कोरड्या लावायच्या. नीलम, तू बस मशीनवर. झालं गेलं विसर."

नीलम जागची हलली नाही.

"बसते," ती म्हणाली. "पण मामांचा बुक्का बंद केला, तर माझ्या बोटाला आता काय ऱ्हायलं, साहेब? उघड्या हातानं पाती ओवायची, तीच ना? पात्यानं कापत न्हाईत असले हातमोजे मिळत्यात. मी विचारलं होतं तुमाला. बोट कापायच्या आधी. तुम्ही म्हनला, पुढच्या महिन्यात बघू. आन् कापल्यावर म्हनला, विळी सांग."

सत्यजीतनं रुमालावरच्या काळ्या पट्ट्याकडे बघितलं, मग मामांच्या जोडलेल्या हातांकडे. त्याचे कान लाल झाले होते.

"मिळतात," तो शेवटी म्हणाला. "शिरूरला मिळतात. मी स्वतः जातो. आत्ताच."

"आन् विळी?"

"विळी मीच सांगायला लावली. चुकलं माझं." हे त्यानं सगळ्यांपुढं, संपतपुढंही म्हटलं, आणि गाडीची किल्ली शोधू लागला.

अनुपमाचा फोन पुन्हा वाजला. ती दाराशी गेली. आत ज्ञानूमामा रॉकेलच्या फडक्यानं एकेक रिंग पुसत होते, ओठ हलत होते, बोट मात्र कोरडं होतं. नीलम त्यांच्यापुढं रिंगा सरकवत होती.

"हां, अनुपमाताई," पलीकडून हौसराव आबा म्हणाले. "बैठक बसलीय. नाव सांगा. कुणी केलं?"

"आबा, आधी नीलमचं नाव खोडा. खोडलं का?"

"खोडतो. पण मग लिवू काय?"

"लिहा, कारखान्यात हातमोजे नव्हते."

"पिशवीवरली गाय तुटली, आन् हातमोजे? ह्याचा त्याचा संबंध काय?"

"आहे, आबा," अनुपमा म्हणाली आणि उंबऱ्यावरच बसली. "जरा लांबण लागेल. बैठकीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा फोन ठेवा, म्हणजे मला एकदाच सांगावं लागेल."

पलीकडं खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. माणसं पुढं सरकून बसली होती. तिनं घसा साफ केला आणि सुरुवात केली.